तिपाईवर ठेवा

आमच्या घरमालकांना हातात काही दिलेलं चालत नसे. दाराशी त्यांनी एक लाकडी तिपाई ठेवली होती. दुधाची पिशवी असो, वर्तमानपत्र असो की सत्यनारायणाचा प्रसाद, आणणाऱ्यानं ते तिपाईवर ठेवायचं, हात मागे घ्यायचा, मग ते उचलणार. कुणी विसरून हात पुढे केला तर ते स्वतःचे दोन्ही हात पाठीमागे नेत आणि हनुवटीनं खूण करत. "तिपाईवर ठेवा."

त्यांना जाऊन आता काही महिने झाले. घर पुतण्याकडे गेलं. तो पेडगावला शेती करतो, इकडे क्वचित येतो. "बाई, तुमी ऱ्हावा निवांत," एवढं म्हणून त्यानं खालच्या खोल्यांना कुलूप घातलं. तिपाई मात्र दाराबाहेर राहून गेली. दूधवाला अजून माझी पिशवी तिच्यावरच ठेवतो. वर आणून देत जा, असं मलाही त्याला सांगवत नाही.

मी वरच्या दोन खोल्यांत राहते. शाळेत मराठी शिकवते. जिंतूरहून परभणीला बदली झाली तेव्हा खोली शोधताना बरीच दारं बंद झाली होती. एकटी बाई म्हटलं की लोकांना कुणीतरी जामीन लागतो. भाऊ कुठे असतो, नवरा का नाही, कोण कोण भेटायला येणार. या माणसानं एकच प्रश्न विचारला.

"वर ऱ्हाणार तुमी. काय अडचण आली तर खाली कोण हाय तुमचं?"

"इथं ओळखीचं कुणी नाही," मी म्हणाले.

त्यांनी खिशातून किल्ली काढली. मग म्हणाले, "मंग मी हाय." आणि किल्ली तिपाईवर ठेवली.

जिना बाहेरून होता, उघडा, सिमेंटचा. तिसऱ्या पायरीच्या वर ते कधी चढले नाहीत. स्वतःच्या घराचा वरचा मजला त्यांनी पाहिलेला नव्हता. घर विकत घेतलं तेव्हाही खालूनच बघून घेतलं म्हणे. माझ्या मोरीचा नळ गळायला लागला की नळवाला वर, ते खाली, आणि सगळी दुरुस्ती ओरडून. "कुठून गळायलंय? सांध्यातून की तोटीतून? बघून सांग रे, अंदाजानं न्हाई!" गल्लीतल्या पोरांना ही करमणूकच होती. त्यांचे गुडघे दुखतात असा माझा समज होता. पण एकदा विचारलं तर म्हणाले, "गुडघ्याला काय धाड भरलीय? वर गेलं की हात मागायला लागत्यात."

हात काय मागतात, ते मी विचारलं नाही. ते सांगणारही नव्हते.

त्यांचे हात एकदा पाहिले की विसरता येत नसत. मनगटं जवळजवळ दंडाएवढी जाड. बोटं पूर्ण सरळ होत नसत; रिकामे असतानाही हात कशाला तरी धरल्यासारखे अर्धे मिटलेले. खिशात कॅरमच्या पावडरची डबी. जरा जपून करायचं कुठलंही काम असलं, गॅसची शेगडी पेटवायची असली, बँकेत सही करायची असली, की आधी डबी काढून दोन्ही तळवे पांढरे करायचे. दाराच्या चौकटीवर, बादलीच्या कडीवर, त्यांच्या हातांचे पांढरे ठसे असायचे. मी शाळेतून आले की त्या ठशांवरून मला त्यांचा दिवस वाचता येई. ठसे थोडे असले तर दिवस ठीक गेला. भिंतभर असले तर मी चपला हातात घेऊन जिना चढे.

सकाळी शाळेला निघण्याआधी आणि संध्याकाळी दिवे लागले की ते जिन्याखाली येऊन हाक मारत. "बाई, वर कसं काय हाय?"

सुरुवातीला मी सगळेच म्हणतात तसं म्हणत असे, "बरंय."

त्यावर ते चिडायचे. नुसतं तोंड वाकडं करणं नव्हे, खरंच चिडायचे. मानेच्या शिरा फुगायच्या. "बरंय म्हणू नका. काय हाय ते सांगा."

मग मी सांगू लागले. पंखा आवाज करतो. सातवीतली एक मुलगी शाळेत येईनाशी झालीय. डोकं दुखतंय. त्यावर ते काही उपाय सुचवत नसत. "हां," म्हणत आणि आत जात. आई गेली तेव्हा जिंतूरहून सगळं आटोपून एसटीनं परत आले. पिशवी अजून हातात होती, तोच खालून हाक आली, आणि सवयीनं माझ्या तोंडून निघून गेलं, "बरंय." ते आत गेले नाहीत. मग तिसऱ्या पायरीवर येऊन बसले, माझ्याकडे पाठ आणि गल्लीकडे तोंड करून. म्हणाले, "बाई, खोटं बोलायलात तुमी." मी वरच्या पायरीवर बसले आणि आईबद्दल बोलत राहिले. मधे एकदाही त्यांनी मागे वळून पाहिलं नाही. माझ्या आयुष्यात इतकं नीट माझं कुणी ऐकलं नव्हतं.

त्यांच्या तिपाईमुळे एकदा गल्लीत मोठाच तमाशा झाला. भाजी विकायला एक म्हातारी यायची. तिनं मेथीची जुडी पुढे केली, यांनी हात मागे नेले. नवीनच येऊ लागली होती बिचारी. तिनं टोपली दाणकन खाली ठेवली.

"का रे? माझ्या हाताचा इटाळ हुतो का तुला? अजून हेच चालू हाय का तुमचं?"

बायका दारात आल्या. मी जिन्यावर थबकले. खरं सांगायचं तर हा संशय माझ्याही मनात कधीतरी येऊन गेला होता. आपल्याकडे हातात न घेण्याचा दुसरा अर्थ सहसा नसतोच. म्हातारी बोलत राहिली, तिच्या आईपासून कुणी कुणी काय काय वरून टाकलं होतं ते सगळं तिनं त्या सकाळी गल्लीला ऐकवलं. ते मान खाली घालून ऐकत होते. तिचा श्वास संपल्यावर ते तिच्या टोपलीशी उकिडवे बसले. टोपलीच्या कडेला तिच्या दुपारच्या भाकरीचं गाठोडं होतं.

"आक्का, ह्यातली भाकर खाऊ का?"

ती बघतच राहिली. त्यांनी गाठोडं सोडलं, भाकरी मोडली, ठेचा लावला आणि तिथंच रस्त्यात बसून सगळ्या गल्लीदेखत खाल्ली. पावडर लागलेल्या हातांनीच.

"मंग हातातून का घेत न्हाईस, मुडद्या?" ती म्हणाली. आता तिचा आवाज उतरला होता.

"तुमच्या हाताचं काय न्हाई, आक्का. माझ्या हातातून पडतं."

"मेथी पडली तर काय मरती का?"

ते हसले नाहीत. उठून आत गेले आणि त्या दिवशी परत बाहेर आले नाहीत. त्या संध्याकाळी मला हाकही आली नाही. भिंत पांढरी होती.

यानंतर ते थोडं थोडं बोलायला लागले. नेहमी तिसऱ्या पायरीवर, पाठ माझ्याकडे करून. आज एक तुकडा, मग कित्येक दिवसांनी दुसरा. मी ते इथं एका जागी ठेवते आहे.

ते सर्कशीत होते. पेडगावच्या शेतातून उठून तंबू ठोकणाऱ्यांत गेले आणि हातांतला जोर बघून मालकानं त्यांना झुल्यावर घेतलं. उंचावरच्या झुल्यांच्या खेळात एक जण उडतो आणि दुसरा गुडघ्यांवर उलटा लटकून त्याला हवेत झेलतो. हे झेलणारे. लोक उडणाऱ्याकडे बघतात. झेलणाऱ्याचा चेहरा कुणाला आठवत नाही. तो उलटा असतो.

एका खेळात त्यांच्या हातांतून एक मुलगी सुटली. मनगटं धरली होती, आणि घामानं म्हणा, कशानं म्हणा, सुटली. खाली जाळी होती, पण ती जाळीच्या कडेला आपटून बाहेर फेकली गेली. तिला जीपमध्ये घालून नेलं. बँड चालूच होता. मालकानं यांना खालून ओरडून सांगितलं, तू वरच थांब, दुसरीला पाठवतो.

"वाईट न्हवता मालक," ते म्हणाले. "सर्कशीचा कायदाच हाय. जो पडला त्यानं त्याच खेळात परत वर जायचं. भीतीला एक रात बी द्यायची न्हाई. त्याला वाटलं, हाच कायदा मला बी लावावा."

"मग?"

"मंग काय. दुसरी आली. झेलली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. सगळे म्हणाले, हा बरा हाय."

खेळ संपल्यावर त्यांनी विचारलं, ती कशी आहे? "बरी हाय," मालक म्हणाला, "गावी पाठवली." तंबू पुढच्या गावाला हलला. नंतर जेव्हा जेव्हा विचारलं तेव्हा हेच एक उत्तर. बरी हाय. ती जगली की नाही, चालते की नाही, हे त्यांना कधीच कळलं नाही. त्यानंतरही ते वर्षानुवर्षं झेलत राहिले, एकदाही चूक नाही. आणि खाली उतरलं की चहाचा कप कुणाच्या हातातून घेता येत नसे.

"वर हात चालायचे, बाई. खाली आल्यावर न्हाई. हे कुणाला सांगावं? येड्यात काढलं असतं. अन् वर हात चालायलेत म्हटल्यावर इचारतंय कोण?"

पुढे ते स्वतः तंबूतले वडीलधारे झाले, आणि पडलेल्या पोरापोरींना तोच कायदा सांगून वर पाठवत राहिले. हे सांगताना त्यांचा आवाज इतका खाली गेला की मला दोन पायऱ्या उतराव्या लागल्या. "पडणाऱ्यासाठी कायदा हाय," ते म्हणाले. "ज्याच्या हातून सुटलं त्याच्यासाठी काय बी न्हाई."

त्या वर्षी उरुसात सर्कस आली. पूर्वीसारखी मोठी नव्हे; जनावरं नाहीत, तंबूला ठिगळं, पण झुला होता. भोंगा लावलेली रिक्षा आमच्या गल्लीतूनही फिरून गेली. त्या दिवसापासून घराचं सगळं वातावरण बदललं. वारा त्या बाजूचा असला की बँड ऐकू यायचा आणि त्यांचे हात सुरू व्हायचे. डबी उघड, पावडर लाव, डबी मिट. चौकट पांढरी, नळ पांढरा, तुळशीचं वृंदावन पांढरं. मी जेवण नेऊन तिपाईवर ठेवलं तर तसंच राहायचं. संध्याकाळची हाक यायची, पण उत्तर न ऐकताच ते आत जायचे. मी एकदा म्हणाले, "काका, उरूस संपेपर्यंत पेडगावला जाऊन या ना." ते म्हणाले, "तिथं बी मला ऐकू येईल."

रविवारी दुपारी ते इस्त्रीचा सदरा घालून जिन्याखाली उभे होते. "बाई, चला. एकटा गेलो तर परत यायचो न्हाई."

या वाक्याचा अर्थ काय लावायचा ते मला कळेना. मी चप्पल घातली. ऑटोत ते दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसले होते.

तंबू अर्धा भरला होता. तारेवरची कसरत झाली, विदूषकांचा धुडगूस झाला. ते खाली सतरंजीकडे बघत होते. मग जाळी ताणली गेली आणि त्यांनी मान वर केली. जाळी ताणणाऱ्या माणसांपेक्षा यांचीच छाती जास्त वरखाली होत होती. झेलणारा पलीकडच्या झुल्यावर उलटा लटकला. तिशी उलटलेला, दणकट. अलीकडच्या फळीवरून एक मुलगी उडाली. झेलली. दुसरी उडाली. झेलली. पहिली परत आली, हवेत गिरकी घेतली, तिचे हात त्याच्या हातांना लागलेले मी पाहिले, आणि ती खाली आली.

माझ्या शेजारून एक आवाज आला. ओरडणं नव्हतं ते. पोटात लाथ बसावी तसा आवाज.

मुलगी जाळीत पाठीवर पडली, उसळली, उठून उभी राहिली, हसली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. तिनं जाळीवरून उडी मारली, तळव्यांना पावडर लावली आणि दोरीच्या शिडीकडे धावली. मॅनेजर माइकवर म्हणाला, "हिंमत देखिए! गिरी, लेकिन डरी नहीं! एक बार फिर!" बँडनं जोर धरला.

मी हुश्श केलं आणि वळले, तर ते जागेवर नव्हते. कठडा ओलांडून रिंगणात पोचले होते. मी मागे धावले. मुलगी शिडीवर थोडी चढलेली होती. त्यांनी शिडीच्या दोन्ही दोऱ्या धरल्या.

"पोरीला वर जाऊ देऊ नका."

"ओ चाचा, किधर घुसे? बाहेर व्हा," मॅनेजर माइक बाजूला करून म्हणाला. "पडली तर परत जातेच ती. हमारा कायदा है. तुम्हाला काय माहीत?"

"मला म्हाईत हाय. म्हणून तर सांगायलोय."

लोकांना वाटलं हाही खेळच. मागून कुणीतरी ओरडलं, "आजोबा, तुमीच जावा वर!" हशा पिकला. कुणी शिट्टी मारली. दोन दांडगे कामगार यांच्या दिशेनं निघाले.

मुलगी वरून म्हणाली, "काका, सोडा शिडी. मला काही झालं नाही. आत्ता गेले नाही तर उद्या जाता येत नाही."

"तुला काय झालं न्हाई, बाळ. तू वाघीण हायस. तिकडं बघ. त्याला झालंय."

मी वर पाहिलं. तोवर कुणीच पाहिलं नव्हतं. झेलणारा आता लटकलेला नव्हता. तो झुल्याच्या दांड्यावर बसला होता आणि दोन्ही हातांनी दोन बाजूंच्या दोऱ्या घट्ट आवळून धरल्या होत्या. झुला स्थिर होता. तो माणूसही. ती मुलगी फळीवरून पुन्हा उडाली असती तर तिच्यासमोर हात आलेच नसते.

कामगारांपैकी एकानं यांचा खांदा धरला. त्यांनी तो झटकला नाही. नुसतं तोंड वर केलं आणि हाक मारली.

"ए वरच्या! वर कसं काय हाय?"

रोज सकाळ-संध्याकाळ ऐकलेली ती हाक. ही हाक खरं तर कोणासाठी होती, इतकी वर्षं ते जिन्याखाली उभं राहून कोणत्या झुल्याला विचारत होते, ते मला त्या क्षणी कळलं.

वरून आवाज आला, "बरंय!"

"बरंय म्हणू नको! काय हाय ते सांग!"

बँडवाल्यानं आपोआप हात थांबवले. हशा विरला. मग वरून बारीक आवाजात, "हात सुटंनात, दादा."

मॅनेजरनं माइक खाली केला. मुलीनं शिडीवर कपाळ टेकलं.

"कशाला धरलंस?"

"दोरी."

"धर. घट्ट धर. सोडायची घाई न्हाई," ते म्हणाले. खांद्यावरचा हात केव्हाच निघाला होता. "ऐक माझं. पोरगी वर यायची न्हाई. कुणीच यायचं न्हाई. आज तुला कुणाला झेलायचं न्हाई. ऐकू आलं का?"

"मॅनेजरसाब..."

"त्याला मी बघतो. तू मला बघ. मी खाली हाय."

आम्ही सगळे माना वर करून उभे. तो माणूस रडत होता बहुतेक. इतक्या खालून कळत नव्हतं. त्याचे खांदे मात्र हळूहळू खाली आले. एक हात सुटला. त्यानं तो मांडीवर पुसला, परत धरला. पुन्हा सुटला. मग दुसरा. तो मागे कलला आणि पाठीवर जाळीत पडला. जाळी खोल गेली, वर आली, पुन्हा खोल गेली. तो रांगत जाळीच्या कडेपर्यंत आला आणि तिथंच अडकला. जाळीची कड माणसाच्या डोक्याच्या वर असते. तिथून खाली यायला अंगात बळ नसेल तर खालच्यानं हात द्यावा लागतो.

ते कडेखाली जाऊन उभे राहिले. दोन्ही हात पाठीमागे होते. तिथं तिपाई नव्हती. त्यांनी खिशातून डबी काढली, ती हातातून निसटली आणि सगळी पावडर रिंगणातल्या लाकडाच्या भुशावर सांडली. ते क्षणभर तिच्याकडे बघत राहिले. मग तसेच, कोरडे हात त्यांनी वर केले.

त्या माणसानं आपली मनगटं त्या हातांत दिली. तो खाली उतरला. तरी यांनी सोडलं नाही. ते दोघं तसेच, एकमेकांची मनगटं धरून, आडवे आडवे चालत पडद्यामागे गेले. लोक उठून टाळ्या वाजवू लागले. आणि मॅनेजर, शेवटी मॅनेजरच तो, माइक उचलून म्हणाला, "जोरदार तालियाँ!"

ऑटोत मी विचारलं, "काका, कसं वाटतंय?"

त्यांनी मांड्यांखालून हात काढून माझ्यासमोर धरले. "लय दुखायलेत," ते म्हणाले, आणि मला वाटतं त्यांना ते आवडलं होतं.

दुसऱ्या दिवशी तो झेलणारा घरी आला. मुलीला खरचटलंसुद्धा नव्हतं, ती स्वतः त्याला समजावत होती. पण त्याला झोप नव्हती. डोळे मिटले की तळव्यांना तिचे हात लागून सुटायचे. काका म्हणाले, "उरूस हाय तवर हितंच ये." आणि मला म्हणाले, "बाई, सरकारी दवाखान्यात डोक्याचा डॉक्टर बसतो म्हणत्यात, खरं का?" मी सुट्टी काढून दोघांना घेऊन गेले. डॉक्टर तरुण बाई होत्या. त्यांनी त्या माणसाला घाई न करता विचारलं, त्यानंही सांगितलं. मग त्या सहज यांच्याकडे वळल्या.

"आणि आजोबा, तुम्ही कसे आहात?"

"बरंय," ते म्हणाले.

मी आणि झेलणारा, दोघांनी एकदम त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी आमच्याकडे पाहिलं, मग जमिनीकडे. कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. "न्हाई," ते म्हणाले. "थांबा जरा. सांगतो." आम्ही दोघं उठून बाहेर बाकावर जाऊन बसलो. ते बऱ्याच वेळानं आले.

नंतर ते औषध घेत होते, अधूनमधून डॉक्टरबाईंकडे जात होते. फार मोठा फरक पडला असं मी म्हणणार नाही. तिपाई राहिली, डबी नवीन आली, जिना तिसऱ्या पायरीलाच संपत राहिला. पण पुढच्या संक्रांतीला मी सवयीनं तिळगुळाची वाटी तिपाईवर ठेवली, तर ते पाठीमागचा एक हात पुढे आणून म्हणाले, "एक. बारका." मी त्या अर्ध्या मिटलेल्या तळव्यात हलव्याचा एक दाणा ठेवला. त्यांनी मूठ मिटली. किती तरी वेळ खाल्ला नाही तो. भाजीवाली आक्का टोपली घेऊन उभी होती, ती म्हणाली, "आता मेथी बी घे की मुडद्या!" तेवढं मात्र त्यांनी ऐकलं नाही.

त्यानंतर एक दिवस काका दुपारचे जमिनीवर आडवे झाले आणि उठले नाहीत. हात उशाला होते.

परवा मी वर वह्या तपासत होते. दिवे नुकतेच लागले होते. जिन्याखालून आवाज आला.

"बाई, वर कसं काय हाय?"

पेन हातातच राहिलं. आवाज त्यांचा नव्हता. मी कठड्याशी जाऊन खाली पाहिलं. झेलणारा उभा होता. तो आता झुल्यावर जात नाही. त्याच सर्कशीत जाळी बांधतो आणि खेळ चालू असताना जाळीखाली उभा असतो, हे मला काकांनीच सांगितलं होतं. ते गेल्याचं त्याला फार उशिरा कळलं असावं. तिपाईवर त्यानं हार ठेवला होता आणि हात मागे घेतले होते. तिसऱ्या पायरीशी उभा राहून तो वर बघत होता.

इतके महिने शाळेत, गल्लीत, जिंतूरच्या भावाला फोनवर मी जे सांगत आले होते, तेच 'बरंय' ओठांवर आलं, आणि मी ते मागे घेतलं.

"बरं नाही," मी म्हणाले. "थांबा. खाली येते."